दोष मागाचा नव्हता: माझ्या कानाच्या ऑपरेशनची हकीकत

3 जुलै 2025 ला मिरजेत माझ्या उजव्या कानाचं ऑपरेशन झालं. नाव स्टेपिडॉटमी, म्हणजे कानातल्या अडकलेल्या बारीक हाडाच्या जागी कृत्रिम दांडा बसवणं. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलेलं हे नाव घेऊन घरी आलो, तेव्हा मराठीत काही वाचायला मिळतंय का म्हणून रात्री बराच वेळ मोबाईल चाळला. मिळालं ते एक तर डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिलेलं, नाहीतर कानाच्या मशीनच्या जाहिराती. आता तीन महिन्यांनंतरची तपासणीही झाली, विम्याचे पैसेही मिटले, तेव्हा सगळं क्रमानं लिहून ठेवतो. मी डॉक्टर नाही. इचलकरंजीत एका यंत्रमाग कारखान्यात दिवाणजी आहे, वय 41. आकडे लिहून ठेवायची सवय धंद्यातली, म्हणून तारखा आणि पावत्या जवळ आहेत.

कान कधी बिघडला हे सांगता येत नाही. हळूहळू कमी होत जातं तेव्हा माणूस सवयी बदलत जातो आणि त्याला ते कळत नाही. फोन डाव्या कानाला लावायला लागलो. मोटरसायकलवर मागे बसलेली बायको काय बोलली ते कळायचं नाही, पण ते कुणालाच कळत नाही असं मी धरून चाललो होतो. दोन गोष्टी मात्र विचित्र होत्या. एक, भडंग खाताना समोरचा काय बोलतोय ते अजिबात ऐकू यायचं नाही. डोक्यात नुसता स्वतःच्या चावण्याचा आवाज. दुसरी, शेडमध्ये मला चांगलं ऐकू यायचं. चाळीस-पन्नास साधे माग खडखडत असताना माग दुरुस्त करणारे जॉबर मामा काय ओरडतायत ते मी इतरांपेक्षा लवकर पकडायचो. घरी शांत खोलीत आई काही बोलली की तीनदा "काय?" म्हणायचो. बायकोचं म्हणणं, कारखान्यात कान असतात आणि घरात नसतात. दिवाळी 2024 ला बहीण आली, तिनं माझ्या उजव्या बाजूला बसून अर्धा तास भाच्याच्या कॉलेजची कथा सांगितली आणि मी भलत्याच ठिकाणी मान डोलावली. तेव्हा ठरलं की दाखवायचं.

11 जानेवारीला गावातच एका कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. फी 300. त्यांनी बॅटरीनं कान पाहिला, थोडा मळ काढला, पडदा चांगला आहे म्हणाले. कुठे कामाला, असं विचारलं. "यंत्रमाग" म्हटल्याबरोबर निदान झालं: मागाच्या आवाजानं नस कमजोर झाली, ती परत येत नाही, जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्या, पुढे मशीन लावा. आमच्या गावात हे उत्तर इतकं ओळखीचं आहे की शंका येत नाही. वीस-वीस वर्षं मागावर काढलेले निम्मे कामगार मोठ्यानं बोलतात, टीव्हीचा आवाज गल्लीत ऐकू जाईल एवढा ठेवतात. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीला 90 डेसिबलची मर्यादा आहे आणि साध्या मागाची शेड ती सहज ओलांडते. तेव्हा डॉक्टर खोटं बोलत नव्हते. फक्त तपासलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात एका मशीनच्या दुकानाचं मोफत शिबिर होतं. तिथे हेडफोन लावून पाच-सात मिनिटांत तपासणी झाली, उजवा कान 55 डेसिबल म्हणाले, आणि जोडीचे 56,000 रुपये सांगितले. "आजच बुक केलं तर 48." मशीन वाईट नाही, लाखो लोकांना त्याचा उपयोग होतो, पण मालाची तपासणी न करता तागा उचलायचा नाही ही शिकवण अंगात भिनलेली. पत्ता घेतला आणि उठलो.

मिरजेला जायचं सुचवलं ते सुताला खळ लावून देणाऱ्या आमच्या सायझिंगवाल्यांनी. त्यांच्या मुलीच्या कानाच्या पडद्याला भोक होतं, ते तिथे बंद केलं होतं. 15 फेब्रुवारीचा शनिवार मिळाला. जयसिंगपूरमार्गे एसटीनं गेलो, साडेनऊला नंबर लावला, पावणेबाराला आत. ओपीडीची फी 400.

या डॉक्टरांनी कान पाहून झाल्यावर खिशातून लोखंडी चिमटा काढला. दोन टोकांचा, ट्यूनिंग फोर्क म्हणतात तो, त्यावर 512 कोरलेलं. कोपरावर आपटला आणि कानाच्या भोकासमोर धरला. काहीतरी बारीक गुणगुणल्यासारखं आलं. मग त्याचा दांडा कानामागच्या हाडावर टेकवला. एकदम मोठ्ठा आवाज. मी दचकलोच. "कुठे मोठा येतोय, पुढे की मागे?" मागे. मग दांडा कपाळाच्या मधोमध टेकवला. "आता कुठल्या कानात?" उजव्या. म्हणजे ज्या कानानं कमी ऐकू येतं त्याच कानात! मला वाटलं मी चुकीचं सांगतोय. डॉक्टर हसून म्हणाले, "बरोबर सांगताय. तुमची नस चांगली आहे बहुतेक. आवाज नसेपर्यंत पोचत नाहीये."

मग त्यांनी विचारलं की घरात कुणाला आहे का. आईला आहे. माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी बाळंतपणानंतर तिला कमी ऐकू यायला लागलं, तेव्हा ती तिशीतही नव्हती, आणि मागाशी तिचा कधी संबंधच आला नाही. आणखी एक प्रश्न मला फार आवडला: "तुम्ही एवढं हळू का बोलताय?" नस गेलेला माणूस स्वतःचा आवाजही नीट ऐकत नाही म्हणून मोठ्यानं बोलतो. माझं उलट होतं. हाडातून स्वतःचा आवाज मला मोठा ऐकू येत होता, म्हणून मी हळू बोलत होतो. भडंगाचं कोडंही तिथेच सुटलं. शेडमध्ये चांगलं ऐकू येण्याचंही: गोंगाटात सगळे ओरडून बोलतात, आणि तो गोंगाट मला इतरांइतका आत पोचत नाही.

त्याच दिवशी ऑडिओमेट्री. पाचशे रुपये. जाड दाराची छोटी खोली, हातात बटण, बीप ऐकू आलं की दाबायचं. 250 पासून 8000 हर्ट्झपर्यंत वेगवेगळ्या सुरांचे बीप. दुकानातल्या शिबिरात एवढंच झालं होतं. इथे त्यानंतर हेडफोन काढून कानामागच्या हाडावर एक छोटा ठोकळा बसवला, पट्ट्यानं घट्ट, आणि दुसऱ्या कानात सूंऽऽ असा आवाज सोडला, म्हणजे चांगल्या कानानं मधे चोरून ऐकू नये. हा ठोकळा हाड थरथरवून आवाज थेट आतल्या कानात पोचवतो. हवेतून किती ऐकू येतं आणि हाडातून किती, असे दोन आलेख निघतात. माझे उजव्या कानाचे आकडे: हवेतून 56 डेसिबल, हाडातून 18. डाव्याचे 38 आणि 15. आकडा जितका मोठा तितकं ऐकू कमी. 25 पर्यंत ठीक धरतात. त्या दोन आलेखांमधली जी फट आहे, ती सगळी दुरुस्त होण्यासारखी जागा.

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही: तुमच्या रिपोर्टमध्ये कानामागे ठोकळा लावून केलेल्या तपासणीची रेघ आहे का, ते पाहा. ती नसेल तर बिघाड नसेत आहे की आवाजाच्या वाटेवर, हे नुसत्या हेडफोनच्या आकड्यावरून सांगता येत नाही. मशीनच्या खरेदीआधी ती रेघ मागून घ्या.

ऑडिओलॉजिस्ट मॅडमनी आलेखावर पेनानं दाखवलं. मागाच्या आवाजानं नस बिघडते तेव्हा आलेखाला 4000 हर्ट्झपाशी खाच पडते. माझ्या हाडाच्या रेघेला मोठी खाच होती ती 2000 पाशी. ही ओटोस्क्लेरोसिसची, म्हणजे कानातल्या हाडाभोवती नवं हाड वाढून ते अडकण्याच्या आजाराची खूण. 4000 लाही जराशी होती. "ती मात्र तुमच्या मागांची," असं त्या म्हणाल्या. नंतर कानात रबरी बोंडूक लावून हवेचा दाब देणारी इम्पिडन्स तपासणी, तीही पाचशेची. पडदा शाबूत, आत पाणी नाही, पण कानातला स्नायू मोठ्या आवाजाला दाद देत नाही. म्हणजे हाड अडकलंय.

कानाची रचना शाळेत शिकलो होतो, पण ती परीक्षेपुरती. आता ती स्वतःच्या डोक्यात कुठे आहे ते कळलं. बाहेरून आत जाणारी नळी साधारण अडीच सेंटीमीटर. तिच्या टोकाला पडदा. पडद्याच्या पलीकडे हवेची छोटी पोकळी, तो मधला कान, आणि त्यात एकमेकांना जोडलेली तीन हाडं: हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब जेमतेम तीन मिलिमीटरची, सगळ्या शरीरातलं सर्वांत लहान हाड. तिचा तळ एका लंबगोल खिडकीत बसतो आणि खिडकीच्या पलीकडे द्रवानं भरलेला शंखासारखा आतला कान. पडदा थरथरला की तीन हाडं ती थरथर पुढे देतात, आणि देताना दाब वीसेक पटींनी वाढवतात, कारण हवेतला आवाज पाण्यात शिरताना बराचसा परत फिरतो. शंखातल्या केसांसारख्या पेशी त्याचं विजेच्या संदेशात रूपांतर करतात, मग नस, मग मेंदू. सर्दीमुळे मधल्या कानात पाणी भरलं, पडद्याला भोक पडलं, हाडं सडली किंवा अडकली, तर तो वाटेवरचा दोष. वय, मोठा आवाज, काही औषधं यांनी केसपेशी मेल्या तर तो नसेचा; त्या पुन्हा उगवत नाहीत. माझ्या कानात रिकिबीच्या तळाभोवती नवं हाड वाढून ती खिडकीत जाम झाली होती. का वाढतं? बऱ्याच जणांत ते घराण्यातून येतं, बायकांमध्ये जास्त दिसतं, आणि बहुतेकांना दोन्ही कानांत होतं.

दुसऱ्या दिवशी मी हे सगळं जॉबर मामांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे मोटर चांगली हाय, पट्टाच जाम झालाय म्हना की दिवाणजी." मी एवढा मोठा परिच्छेद लिहिला, त्यांनी एका वाक्यात मिटवलं.

डॉक्टरांनी तीन वाटा सांगितल्या. काहीच न करता दर वर्षी तपासत राहणं. मशीन लावणं, नस चांगली असल्यामुळे मशीनचा उपयोग उत्तम होईल आणि धोका शून्य. किंवा ऑपरेशन: अडकलेल्या रिकिबीचा वरचा भाग काढायचा, तळाला भोक पाडायचं आणि तिथे टेफ्लॉनचा दांडा, ज्याला पिस्टन म्हणतात, तो बसवायचा. अमेरिकेतल्या जॉन शी या डॉक्टरांनी 1956 मध्ये रिकिबीच्या जागी टेफ्लॉनचं हाड पहिल्यांदा बसवलं, तेव्हापासून ही पद्धत रुळलेली आहे. दहातल्या नऊ जणांना चांगलं ऐकू येतं. पण शंभरात एखाद्याचा, किंवा त्याहूनही कमी जणांचा, कान पूर्ण जातो, आणि तो मग मशीननंही परत येत नाही. हे त्यांनी स्वतःहून, मी न विचारता सांगितलं. म्हणूनच आधी जास्त बिघडलेला कान करतात, आणि दुसऱ्याला किमान सहा महिने हात लावत नाहीत. "तुम्ही स्वतः किती केल्यात?" असं मी विचारलं. त्यांना राग आला नाही. कुणालाच विचारायला लाजू नका; हे बारीक कसबाचं काम आहे आणि सरावानंच बसतं.

सीटी स्कॅन त्याच आठवड्यात केला, 4,200 रुपये. खिडकीच्या पुढच्या कडेला हाड वाढल्याचं दिसलं.

आता विमा. माझी पॉलिसी 20 जून 2023 ची. तिच्यात कान-नाक-घशाच्या ऑपरेशनांना दोन वर्षांचा प्रतीक्षा कालावधी आहे, म्हणजे 19 जून 2025 पर्यंत एक रुपया नाही. बऱ्याच पॉलिसींत हे कलम असतं: मोतीबिंदू, हर्निया, मुतखडा वगैरेंच्या रांगेत कानही. डॉक्टर म्हणाले चार महिन्यांनी काही बिघडत नाही, सावकाश या. तेवढ्यात सगळी तयारी झाली. पण एक ध्यानात ठेवा: माझ्या पॉलिसीत भरती होण्याआधीच्या 30 दिवसांतल्या तपासण्यांचे पैसे मिळतात. फेब्रुवारीतला सीटी त्यात बसला नाही. ऑपरेशन पुढे ढकलायचंच असेल, तर स्कॅन आत्ताच लागणार आहे की ऑपरेशनच्या महिन्यात केला तरी चालेल, हे विचारून घ्या.

ते चार महिने मनाला बरे गेले नाहीत. दिवसा निर्णय पक्का असायचा, रात्री डगमगायचा. शंभरातला तो एक मीच, असं वाटायचं. आई म्हणायची, "मी नाही का काढले एवढे दिवस?" तिनं चाळीस वर्षं ओठ वाचून काढली आहेत. तिचा कान मिरजेत दाखवला तर आता नसही वयानं उतरलेली निघाली. तिला मशीन बसवलं आहे आणि ती ते फक्त कीर्तनाला लावते.

23 जूनला पुन्हा मिरज. ऑडिओमेट्री नव्यानं, कारण विमा कंपनीला ताजी लागते. रक्त, साखर, ईसीजी, छातीचा एक्स-रे, फिजिशियनचं फिटनेस. हे सगळे मिळून 2,900. 30 जूनला रुग्णालयाच्या विमा खिडकीनं पूर्वमंजुरीचा अर्ज पाठवला, अंदाज 68,000 चा. 29 मे 2024 च्या विमा नियामकाच्या परिपत्रकानुसार कॅशलेसचा निर्णय एका तासात आणि घरी सोडतानाची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते. एका तासात उत्तर आलंही. मंजुरी आली नाही, क्वेरी आली, म्हणजे खुलासा मागितला.

फेब्रुवारीच्या केसपेपरवर निवासी डॉक्टरांनी लिहिलं होतं, "चार वर्षांपासून ऐकू कमी". पॉलिसी दोन वर्षांची. म्हणजे आजार आधीचा आणि लपवलेला, असा कंपनीला संशय. खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "काका, हे रिजेक्ट होतंय बहुतेक." माझे पाय गळाले. पण आधीच्या आजाराची व्याख्या पॉलिसीतच छापलेली असते, ती मी घरी बसून वाचली होती: पॉलिसी घेण्याआधीच्या 36 महिन्यांत ज्याचं डॉक्टरांनी निदान केलं, किंवा ज्याच्यासाठी सल्ला वा उपचार घेतले, तो. चार वर्षांपासून कमी ऐकू येत असेल, पण डॉक्टरांची पायरी मी पहिल्यांदा चढलो ती 11 जानेवारी 2025 ला. तो 300 रुपयांचा कागद, ज्यावर चुकीचं निदान होतं, तोच उपयोगी पडला. त्याची प्रत, फेब्रुवारीच्या पहिल्या ऑडिओमेट्रीची प्रत, आणि सर्जननी लेटरहेडवर लिहून दिलेलं "या आजाराचं पहिलं निदान दि. 15/2/2025, त्यापूर्वी कोणतेही उपचार नाहीत" असं पत्र, सही-शिक्क्यासह, जोडलं. 1 जुलैला संध्याकाळी 55,000 ची प्राथमिक मंजुरी आली. नसती आली तर कंपनीचा तक्रार कक्ष, मग विमा नियामकाचं बीमा भरोसा पोर्टल, मग विमा लोकपाल, अशी पायरी लिहून ठेवली होती. गरज पडली नाही. केसपेपर लिहून होताना आपण काय सांगतो आणि समोरचा काय लिहितो, याकडे लक्ष असू द्या. खरं तेच सांगा, पण "अंदाजे" आणि "आधी कुठे दाखवलेलं नाही" हे शब्द त्यात उतरले आहेत का ते वाचून पाहा.

3 जुलै, गुरुवार. सकाळी सातला भरती, पोट रिकामं. कानाभोवतीचे केस बोटभर काढले. संमतीपत्रावर कान जाण्याचा, चक्कर येण्याचा, चव बदलण्याचा आणि चेहऱ्याची नस दुखावण्याचा धोका वेगवेगळ्या ओळीत लिहिलेला, प्रत्येक ओळीपुढे सही. भूल पूर्ण नव्हती. गुंगीचं इंजेक्शन आणि कानात बधिर करायच्या सुया. या सुया दुखतात, हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. पहिल्या दोन. त्यांच्यासोबत छाती धडधडली. ती औषधातल्या अॅड्रेनलिनमुळे, मिनिटभरात उतरते, हे भूलतज्ज्ञांनी आधी सांगून ठेवलं म्हणून घाबरलो नाही.

चेहऱ्यावर हिरवं कापड, कानावर दुर्बीण. डोकं हलवायचं नाही, खोकला आला तर आधी सांगायचं. दुखत काहीच नव्हतं, पण कानाच्या आतच चाललेलं असल्यामुळे प्रत्येक बारीक खरवडणं गडगडाटासारखं येत होतं. सक्शनची नळी आली की डोक्यात वावटळ. एके ठिकाणी गरकन फिरल्यासारखं झालं, टेबलासकट. सर्जन म्हणाले, "आता तळाला भोक पाडतोय, दहा सेकंद." मग थोडा वेळ काहीच नाही. सिस्टरनी पाकीट फोडल्याचा आवाज आला. पिस्टन त्यात होता. त्याचं माप नंतर कागदावर वाचलं: जाडी 0.6 मिलिमीटर, लांबी 4.5. तो वरच्या ऐरणीच्या दांडीला आकड्यासारखा अडकवतात.

मग सर्जननी अगदी हळू विचारलं, "गाव कुठलं तुमचं?" मी म्हटलं, "इचलकरंजी." "कामाला कुठं?" त्याचंही उत्तर दिलं. तिसरा प्रश्न त्यांनी जवळजवळ पुटपुटत विचारला, आणि मी म्हटलं, "साहेब, एवढं हळू नका बोलू, मला सगळं ऐकू येतंय." खोलीत हशा झाला. तो हशाही उजव्या कानातून आला. मग कानात विरघळणारा स्पंज आणि वर पट्टी भरली, आणि ऐकू येणं परत बंद झालं; तसं होणार हे सांगितलेलं असतं, तरी जीव खट्टू होतो. तासाभरात बाहेर. दात दाखवा, डोळे मिटा, गाल फुगवा म्हणाले. चेहऱ्याची नस शाबूत आहे का ते बघायला.

पहिली रात्र चक्करची. उजवा कान वर ठेवून पडून राहायचं, मान वळवली की भिंती फिरायच्या. एकदा उलटी झाली. दुसऱ्या दिवशी भिंत धरून चाललो. 4 तारखेला दुपारी सोडलं. बिल 71,400 झालं, कंपनीनं 63,850 दिले, 7,550 माझ्या खिशातून: हातमोजे, फाईल, नोंदणी असल्या विम्यात न बसणाऱ्या बाबी. अंतिम मंजुरीला तीन नाही, साडेचार तास लागले. डबा सोबत ठेवा.

घरी पाळायच्या गोष्टींचा कागद देतात. त्यातल्या खऱ्या अवघड अशा: नाक शिंकरायचं नाही, आणि शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून द्यायची. जोर लावायचा नाही, म्हणून रात्री रेचक घ्यायचं. पाच किलोच्या वर उचलायचं नाही. कानात पाणी नाही. अंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस. महिनाभर विमान नाही, हे आमच्यासाठी सोपं. मोटरसायकल नाही, हे अवघड, कारण जुलैतले इचलकरंजीचे रस्ते. 6 तारखेला आषाढी एकादशी होती. शेंगदाणे चावायचे नव्हते, म्हणून साबुदाण्याची पेज प्यालो.

चवीचं मात्र कुणीतरी मला जास्त ठासून सांगायला हवं होतं. जिभेच्या चवीची एक बारीक नस मधल्या कानातून जाते आणि ऑपरेशनमध्ये ती बाजूला सारावी लागते. महिना-दीड महिना जिभेच्या उजव्या कडेला सगळं जस्ताच्या डब्यातून खाल्ल्यासारखं लागत होतं. चहा तर नकोच वाटायचा. सप्टेंबरपर्यंत बहुतेक परत आलं.

12 जुलैला पट्टी काढली. आणि जग पत्र्याचं झालं. भांड्यांचा आवाज कपाळात जायचा, पिशवी चुरगळली तरी नकोसं, स्वतःचा आवाज रेडिओवरून आल्यासारखा. बायकोला तिच्या बांगड्या काढून ठेवायला सांगितल्या, त्यावरून दोन दिवस अबोला. हे होतं आणि जातं, मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात. 23 ऑगस्टला ऑडिओमेट्री: उजवा कान हवेतून 27. 4 ऑक्टोबरला पुन्हा: 24. हाडाच्या रेघेवरची 2000 ची खाच भरून निघाली होती. 4000 ची तशीच आहे.

त्या खाचेमुळेच सर्जननी शेवटी बजावलं. रिकीब जाम होती तोवर मागांचा आवाज आत कमी जात होता. एका अर्थानं ती माझी नस राखत होती. आता वाट मोकळी झाली, आणि मोठ्या आवाजाला हाडं आवळून धरणारा तो स्नायूही ऑपरेशनमध्ये कापला गेला. म्हणजे शेडमध्ये कान उघडे ठेवून फिरायचं नाही. 27 ऑगस्टला गणपती बसले. डॉल्बीसमोर उभं राहायचं नाही, हे त्यांनी केसपेपरवर लाल पेनानं लिहून दिलं. मंडळाची पोरं त्यावर हसली, पण कागद मी गाडीच्या डिकीतच ठेवला होता.

कारखान्यात आता फोमचे बोळे वापरतो. दहा-पंधरा रुपयांना जोडी मिळते. पिळून बारीक करायचा, दुसऱ्या हातानं कान वर-मागे ओढायचा, बोळा आत सरकवून तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोट लावून ठेवायचं; नुसता तोंडाशी कोंबला तर काही उपयोग नाही. ऑपरेशनच्या कानात ते घालायला डॉक्टरांनी तीन महिने झाल्यावरच परवानगी दिली, तोवर वरून लावायचे मफ वापरले, 650 रुपयांचे. मालकांना सांगून शंभर जोड्यांचं पाकीट आणवलं. कामगारांपैकी तिघं-चौघं रोज घालतात. बाकीचे म्हणतात, माग कसा चाललाय ते आवाजावरूनच कळतं, कान बंद केले तर धागा तुटलेला कसा कळणार. यावर माझ्याकडे उत्तर नाही. जॉबर मामा एका कानात घालतात.

डाव्या कानाचं जानेवारीत बघायचं ठरलंय. त्याची फट 23 ची आहे आणि मला घाई नाही. बहिणीनं सांगलीत तपासून घेतलं. तिच्याही डाव्या कानाच्या आलेखात 2000 ला खाच निघाली आहे, सध्या दर वर्षी तपासायचं एवढंच. पिस्टनच्या पाकिटावरचा स्टिकर, ज्यावर कंपनी, माप आणि बॅच नंबर असतो, तो डिस्चार्ज कार्डावर चिकटवलेला आहे का ते घरी जायच्या आधी पाहून घ्या. पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर पहिला प्रश्न तोच विचारतात. मी त्याचा फोटो काढून बायकोच्या मोबाईलवरही ठेवला आहे.